शाबूत दार

हत्तींच्या त्या मोठ्या नगरात दूरदूरच्या राज्यांचे दूत राहत असत. कोणत्याही दूताचं दार हत्तींनी मोडायचं नाही, असा तिथला कायदा होता. दूतांचं एक मंडळही होतं. नव्या दूताला घर शोधून देणं, नगराची भाषा शिकवणं, हत्तींना दरवर्षी मेजवानी देणं, ही मंडळाची कामं. डोंगरराज्याच्या साळिंदरबाई अध्यक्ष होत्या आणि तळ्यांच्या राज्याचा बगळा चिटणीस.

त्या वर्षी हत्तींनी नदीचं राज्य जिंकलं. नगरातल्या पाणमांजरांची धरपकड सुरू झाली. तेव्हा एक बाळंतीण पाणमांजरी पिल्लाला तोंडात धरून नदीच्या दूताच्या घरात शिरली. दूत तिच्याच जातीचा. त्याने तिला आत घेतलं आणि कडी लावली.

दुसऱ्या दिवशी हत्तींचा सरदार मंडळाच्या अंगणात येऊन उभा राहिला. अगदी नम्रपणे म्हणाला, "नदीचं राज्य आता उरलेलं नाही. मग तिथला दूत अजून तुमच्यापैकी आहे का, एवढंच सांगा. घाई नाही. मी थांबतो."

आत बैठक बसली. भिंतीपलीकडून सरदाराचा श्वास ऐकू येत होता.

"आहे, असं सांगू या," साळिंदरबाई म्हणाल्या.

"बाई, हळू बोला," बगळा कुजबुजला. "आमच्या तळ्यांना पाणी यांच्याच धरणातून येतं. आणि आपलं काम घरं शोधून द्यायचं. राजकारणात कशाला पडायचं?"

"त्याला ते घर आपणच शोधून दिलंय."

बाईंनी मत विचारलं तेव्हा एकच पंजा वर झाला, त्यांचा स्वतःचा. शेवटी बगळा बाहेर गेला आणि मंडळाचं याबाबत काही मत नाही, असं सांगून आला. सरदाराने सोंड कपाळाला लावून आभार मानले.

साळिंदरबाई धावतच नदीच्या दूताकडे गेल्या.

"मंडळाने पाठवलं?" त्याने खिडकीतून विचारलं.

"नाही. माझी मी आलेय."

आत पिल्लू रडत होतं. बाई उंबऱ्यावर काटे फुलवून उभ्या राहिल्या.

हत्ती आले. दाराला त्यांनी सोंडही लावली नाही. बाईंना वळसा घालून ते घराच्या चारी बाजूंना उभे राहिले, वाशांखाली सोंडा घातल्या आणि आख्खं छप्पर अलगद उचलून बाजूला ठेवलं. मग आतून एकेकाला वर काढलं. दूताने पिल्लाला शेवटपर्यंत छातीशी धरलं होतं. बाई ओरडत राहिल्या. त्यांच्यामागे कडी लावलेलं दार तसंच होतं.

पुढच्या बैठकीला बाई आल्या नाहीत. त्या नगर सोडून गेल्या होत्या. विषय मेजवानीचा होता. ऊस किती मागवावा, यावर बगळा बोलत असताना कुठेतरी एक कौल करकरलं. तो थांबला. सगळ्यांच्या माना वर गेल्या, आणि बराच वेळ कोणीही खाली पाहिलं नाही.