हळू आवाजातली मागणी

निंबगडच्या राजवाड्यात बाळराजांना सांभाळायला बकुळा नावाची दाई होती. स्वभावाने इतकी बुजरी, की चार माणसांपुढे तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. तिची स्वतःची चिमुरडी तानी मात्र गावी नणंदेकडे वाढत होती. लेकीला वाड्यात आणू द्यावं, एवढंच बकुळाला मागायचं होतं. पण दिवाण त्र्यंबकरावांनी बजावलं, "मागायचं असेल तर भर दरबारात येऊन माग."

झोपलेल्या बाळराजांना खांद्यावर घेऊनच ती दरबारात महाराजांपुढे उभी राहिली. ती पुटपुटली, "सरकार, माझी तानी..."

"ऐकू येत नाही!" दिवाण गरजले. "ज्याला मोठ्याने बोलता येत नाही, त्याने इथे काही मागू नये!"

त्या आवाजाने बाळराजे दचकून उठले आणि टाहो फोडून रडू लागले. बकुळाने त्यांना छातीशी धरलं आणि ती त्यांच्या कानाशी हळूच गुणगुणली. हुंदके थांबले, डोळे मिटले. सारा दरबार श्वास रोखून बघत राहिला.

त्या शांततेत तिचा बारीक आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "दिवाणजी, तुम्ही मोठ्याने बोललात, बाळराजे उठले. मी हळू बोलले, ते निजले. याच आवाजासाठी सरकारांनी मला ठेवलंय. मग मागायला दुसरा आवाज कुठून आणू? माझी तानीही याच आवाजाची वाट बघत निजते."

महाराजांचे डोळे भरून आले. ते कुजबुजले, "दिवाणजी, उद्याच मेणा पाठवा. तानीला घेऊन या."

"जी सरकार," दिवाण म्हणाले. तेही कुजबुजतच.