पुढच्या रांगेचं तिकीट

आंतरराष्ट्रीय मोटार रेसच्या तिकिटासाठी गॅरेजवाली इंदुमती खोराटे चार तास उन्हात उभी होती. खिडकीशी पोचली, तर तिचे ऑइलने माखलेले हात बघून आयोजक पाटणकरसाहेबांनी नाक मुरडलं. "पुढची रांग गाडीतलं कळणाऱ्यांना राखीव आहे. तू मागे जा."

इंदुमतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात ड्रायव्हर आत आणत असलेली साहेबांची परदेशी गाडी फाटकातच बंद पडली. मागे राखीव रांगेचे पाहुणे आपापल्या गाड्यांत अडकले आणि हॉर्न वाजवू लागले. साहेब घामाघूम झाले. "ताई, जरा बघता का?"

"मी कशाला? मागे एवढे गाडीतलं कळणारे हॉर्न बडवतायत, त्यांना बोलवा."

साहेबांनी हाका मारल्या. एकाही गाडीचं दार उघडलं नाही.

"म्हणजे इथे गाडीतलं कळणारी मी एकटीच!" इंदुमती कडाडली. "फाडा पुढच्या रांगेचं तिकीट, मग उघडते बॉनेट."