सुई सुळक्याची चिठ्ठी

विषय : सुई नावाच्या सुळक्याची चिठ्ठी आकाशनकाशावर पूर्ववत दिसण्याबाबत.
संदर्भ : पाकोळी, राहणार सुई सुळका, उत्तर कडा, हिचा अर्ज.

उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे आहे.

त्या राज्यात पक्षी नकाशा पाहून उडत. पूर्वी ते समोर पाहून उडत असत, पण त्यात प्रत्येकाला वेगळे दिसे आणि वाद होत. म्हणून नकाशा कचेरी स्थापन झाली. दर वर्षी पाऊस सरला की कचेरी नवी आवृत्ती काढी, आणि त्या दिवसापासून जुनी आवृत्ती जवळ बाळगणे अडाणीपणाचे समजले जाई. नकाशा गवताच्या पात्यांचा असे. त्यावर ठिकठिकाणी चिठ्ठ्या विणलेल्या असत : इथे तळे, इथे मुक्कामाचा वड, इथे सुळका, जपून.

चिठ्ठ्या मनाला येईल तशा विणायच्या नसत. त्यांचे साचे ठरलेले होते. साच्यातल्या रिकाम्या जागा भरल्या की चिठ्ठी तयार. पहिल्या वर्गाचा साचा मान्यवरांच्या आसनांसाठी होता, दुसऱ्या वर्गाचा तळ्यांसाठी आणि झाडांसाठी, तिसऱ्या वर्गाचा धोक्यांसाठी. धोके शेवटी का, याचा खुलासा दप्तरात सापडतो. साचे ठरवण्याच्या सभेला मान्यवर आले होते, तळ्यांवरचे रहिवासी आले होते; सुळके आले नव्हते.

आणखी एक नियम होता. दोन चिठ्ठ्या एकमेकींवर येऊ नयेत. आल्यास खालच्या वर्गाची दिसू नये. या नियमामुळे नकाशा फार सुबक दिसे आणि बाहेरच्या राज्यांतून त्याचे कौतुक होई.

सुईच्या पश्चिमेला, दरीपलीकडच्या कड्यावर, एक म्हातारा गरुड राहत असे. त्याची चिठ्ठी सुरुवातीला दोनच शब्दांची होती : गरुडाचे आसन. पण पहिल्या वर्गाच्या साच्यात बिरुदांसाठी एक जागा होती आणि ती मजकुराप्रमाणे आपोआप रुंद होई. बिरुद समिती वर्षातून एकदा भरे. भरल्यावर काहीतरी करणे भाग असे, म्हणून ती गरुडाला एक बिरुद देई. नवव्या वर्षी त्याला 'समस्तमेघमंडलभूषण' हे बिरुद मिळाले, आणि गरुडाची चिठ्ठी दरी ओलांडून सुईवर येऊन टेकली. त्याबरोबर सुईची चिठ्ठी नाहीशी झाली. कोणी हुकूम दिला नव्हता, कोणी सही केली नव्हती. सुळका मात्र जागच्या जागी राहिला, चारशे पंख उंच, टोकाला चोचीसारखा बारीक.

सुईच्या उत्तर कड्याला एक पाकोळी राहत असे. तिची धाकटी बहीण लग्न होऊन दूर उत्तरेला गेली होती आणि त्या वर्षी पहिल्यांदाच पिल्लांना घेऊन माहेरी येणार होती. थवा निघायचा तो धुक्याच्या महिन्यात, आणि धुक्यात सुई दिसत नसे. थोरलीने घाईने निरोप धाडला : नव्या नकाशावर जाऊ नका, सुई आहे तिथेच आहे. परतीच्या वाऱ्याबरोबर उत्तर आले.

"ताई, मला सुई चांगली आठवते. मी तसं म्हणालेही. पण आमचे थवेप्रमुख म्हणतात, नव्या आवृत्तीत नाही म्हणजे पडली असेल. माहेरच्या आठवणी आणि नकाशा यात फरक असतो, असंही म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. पिल्लं लहान आहेत, त्यांना घेऊन थव्यावेगळं उडता येत नाही."

तेव्हा पाकोळीने अर्ज लिहिला आणि ती कचेरीत गेली.

चिठ्ठ्यांचे काम सुगरणीकडे होते. तिने अर्ज वाचला, पात्यांची गुंडी बाजूला ठेवली आणि चोच पुसली.

"बाई, तुमची चिठ्ठी काढलेली नाही," ती म्हणाली. "ती आहे. फक्त दिसत नाही."

"मग ती आहे कुणासाठी?"

"दप्तरासाठी. आमच्या मोजणीत ती रोज येते. काल संध्याकाळीसुद्धा होती."

"सुगरणताई, तुम्ही स्वतः विणता. गरुडांची चिठ्ठी बोटभर डावीकडे सरकवली तर?"

सुगरण मान वळवून आतल्या दालनाकडे पाहत राहिली. "डावीकडे साहेबांचं तळं आहे," ती हळूच म्हणाली.

साहेब म्हणजे बगळा. तो एका पायावर उभा राहून काम करी. दुसरा पाय कधी टेकेल हे त्याच्या हाताखालच्या कोणालाही सांगता येत नसे. त्याने पाकोळीचे म्हणणे शांतपणे ऐकले.

"साच्यात चूक आहे का?" त्याने सुगरणीला विचारले.

"नाही साहेब."

"नियमात?"

"नाही साहेब."

"मग बाई, चूक नसताना दुरुस्ती कशाची करायची, ते सांगा."

"सुळका आहे ना साहेब."

"असेल. आम्ही कुठे नाही म्हणतो?" बगळा म्हणाला. "एखादं बिरुद कमी झालं तर जागा होईल. पण तशी गरुडांची संमती पाहिजे. ती विचारायला मी काही जाणार नाही."

पाकोळी स्वतः गेली. गरुडाला ऐकू कमी येत असे. तिला दोनदा सांगावे लागले.

"बिरुदं? किती झाली?" गरुडाने विचारले.

"नऊ, आजोबा."

"मला दोन माहीत होती. पोरी, मी कुठे बसतो ते लोकांना कळावं, म्हणजे ते उगाच येऊन त्रास देणार नाहीत, एवढंच मी सांगितलं होतं. सगळी काढून टाक." त्याने खूण म्हणून आपल्या पंखातले एक पीस उपटून दिले.

पाकोळी ते पीस घेऊन एका दमात कचेरीत आली. बगळ्याने पीस उलटसुलट पाहिले. ते खरे असल्याबद्दल त्याला शंका नव्हती. पण बिरुद देणारी समिती आणि घेणारा गरुड हे दोन वेगळे विषय होते. समिती पुढच्या पावसाळ्यानंतर भरणार होती. तोवर पीस अर्जाला जोडण्यात आले आणि पान क्रमांक दोन अशी त्याची नोंद झाली. पाकोळी गेल्यावर सुगरणीने ते पीस जरा वेळ चोचीत धरले, मग फाइल बांधली.

धुके ठरल्या दिवशी उतरले. पाकोळी सुईच्या टोकाखाली नखांनी लटकली आणि पहाटेपासून ओरडत राहिली. दुपारी उत्तरेच्या अंगाला पंखांची सळसळ ऐकू आली. थवेप्रमुख पुढे होते आणि पुढची फळी त्यांच्या मागे अगदी रांगेत होती. आवाज त्यांच्याही कानांवर गेला. नकाशावर तिथे मोकळे आकाश होते, म्हणून त्यांनी वेग कमी केला नाही.

मागची फळी वळली. तिच्यात बहिणीची दोन पिल्ले होती. मावशीचा आवाज आईसारखा वाटला म्हणून वळली, असे त्यांनी नंतर सांगितले. बहीण पुढच्या फळीत होती. वाटेची माहितगार म्हणून थवेप्रमुखांनी तिला सकाळीच पुढे बोलावून घेतले होते.

एकूण सात गेले.

कचेरीवर याचा फार परिणाम झाला. बगळ्याने दुसरा पाय टेकला, आणि तो दिवसभर दोन्ही पायांवर उभा होता. सुईवर स्मृतिस्थळ जाहीर करण्याचा ठराव एका बैठकीत संमत झाला. स्मृतिस्थळ पहिल्या वर्गात मोडत असल्याने त्याला जागा देणे भाग होते. सुगरणीने गरुडाची चिठ्ठी बोटभर डावीकडे सरकवली. साहेबांचे तळे थोडे खाली गेले. या कामाला एक दुपार लागली.

चिठ्ठी भरताना सुगरण अडली. "साहेब, यात उंची कुठे लिहू?"

बगळ्याने साचा पाहिला. पहिल्या वर्गाच्या साच्यात नावांना जागा होती, बिरुदांना होती, मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला होती.

"स्मृतिस्थळाला उंची कशाला?" तो म्हणाला. त्याचा स्वर कठोर नव्हता.

सुगरणीने सात नावे विणली. पाकोळीच्या बहिणीचे नाव दुसरे आले, थवेप्रमुखांच्या लगेच खाली. विणकाम इतके नाजूक झाले की कचेरीतल्या सर्वांनी उठून पाहिले. शेवटची ओळ तिला विणावी लागली नाही. ती पहिल्या वर्गाच्या साच्यातच होती आणि प्रत्येक आसनाखाली आपोआप येई : जवळून जाणाऱ्यांनी अवश्य भेट द्यावी.

नवी आवृत्ती निघाली. आता दूरदूरचे थवे, ज्यांची वाट सुईवरून जातही नाही, ते वळसा घालून तिकडे येतात. धुक्यातही येतात. सुळक्याच्या टोकाखाली तीन पाकोळ्या लटकलेल्या असतात, एक थोरली आणि दोन लहान, आणि पाळीपाळीने ओरडत असतात. येणाऱ्यांना ती मानवंदना वाटते. ते आदराने आणखी जवळ येतात.

सुईची 'इथे सुळका, जपून' ही चिठ्ठी पूर्ववत दिसावी हा पाकोळीचा अर्ज, एका पिसासह, कचेरीत आहे. त्यावर अद्याप निर्णय झालेला नाही.