पारव्याची दूध-भाकरी

एका माळावर एक धनगर राहत होता आणि त्याच्याकडे पारव्या नावाचा शिकारी कुत्रा होता. खरं म्हणजे ही गोष्ट पारव्याची. पण कुत्र्याला बोलता येत नाही, म्हणून ती धनगराची म्हणून सांगावी लागते.

पारव्या लांब पायांचा, बारीक पोटाचा आणि करड्या रंगाचा होता. दिवसभर मेंढरांच्या मागे-पुढे पळायचा, लांडग्याची चाहूल लागली की माळ दणाणून सोडायचा आणि संध्याकाळी धनगराच्या हातून दूध-भाकरी खायचा. दुसऱ्या कुणी घास पुढे केला तर तोंड फिरवायचा. धनगराला याचं फार कौतुक. "माज्या हाताबिगर खात न्हाई," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचा.

त्या राज्यात दसऱ्याला कुत्र्यांची शर्यत होई. जो कुत्रा पहिला येई, त्याला राजासमोर उभं करत आणि त्याची बांधणी, कातडी, डोळे सगळं निरखून पाहत. मालकाला शेला मिळे आणि दरबारात बसायचा मान मिळे. कुत्रा मात्र दिवाळीपर्यंत राजवाड्यात राही. त्याला पाहायला लांबलांबून लोक येत, आणि तेवढे दिवस मालकाने त्याच्या जवळ जायचं नाही अशी रीत होती.

एका वर्षी पारव्या दुसरा आला. पाटलाच्या कुत्र्याने त्याला अगदी थोडक्यात मागे टाकलं. पारव्याला आपण हरलो हे कळलंच नाही. तो शेपटी हलवत आला आणि धनगराचं तोंड चाटू लागला. धनगराने त्याला ढकलून दिलं. हरल्याचं दुःख तिथे एकालाच झालं होतं, आणि तो तर पळालाही नव्हता.

पुढचा दसरा जवळ आला तेव्हा एक जडीबुटीवाला माळावरून चालला होता. पारव्याला पाहून तो थबकला.

"पाव्हणं, कुत्रं झ्याक हाय. पर दमाला कमी पडतंय," तो म्हणाला आणि त्याने झोळीतून एक पुडी काढली. "ही पूड दुधातनं चिमूटभर द्या. अंग चकाकंल, दम वाढंल. पर एक ध्यानात ठेवा. एकदा चालू केली की मधीच बंद करायची न्हाई. बंद केली तर जनावर बसतंय, ते उठत न्हाई."

"आन राजवाड्यात ऱ्हायला गेलं तर? तितं कोन देनार?"

"आधी जिंकू तर द्या की!"

जडीबुटीवाला हसला. धनगरही हसला, आणि त्याने पुडी कनवटीला लावली. पारव्या दोघांकडे आळीपाळीने बघत शेपटी हलवत होता.

पूड कडू असावी. पहिल्या दिवशी पारव्याने वाडग्याचा वास घेतला आणि मान वर करून धनगराकडे पाहिलं. धनगर म्हणाला, "खा." पारव्याने खाल्लं. हाच हात आजवर त्याला भरवत आला होता, मग तो शंका कशी घेणार?

धनगराच्या बायकोने मात्र पाहिलं. "आवं, दुधात काय टाकताय?"

"मीठ."

"दुधात मीठ?"

धनगर वाडगा उचलून पारव्याकडे गेला. तिने पुन्हा विचारलं नाही, पण तिच्या मनातून ते गेलंही नाही.

हळूहळू पारव्याचं अंग रेशमासारखं चमकू लागलं. तो पळायला लागला की मेंढरं बावरून बाजूला होत. जेवण झाल्यावर तो धनगराची बोटं चाटायचा, ज्या बोटांत पूड धरलेली असे नेमकी तीच. पण मेंढरांशेजारी आता तो स्वस्थ झोपत नसे. कुणी नसताना भुंके. "अंगानं लई देखना झालाय," बायको म्हणाली, "पर ह्येच्या डोळ्यांत आपला पारव्या दिसंना मला."

दसऱ्याला पारव्या जिंकला. नुसता जिंकला नाही, पाटलाचा कुत्रा निम्म्या वाटेत असताना तो राजासमोर येऊन उभा राहिला. राजाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "याला खायला काय घालतोस रे?"

"दूध-भाकरी, महाराज," धनगर म्हणाला. "आन माजी माया."

दरबार खूश झाला. धनगराच्या खांद्यावर शेला पडला. शिपाई पारव्याला दोरीने धरून वाड्याकडे नेऊ लागले, तेव्हा तो सारखा मागे वळून पाहत होता. धनगर त्या वेळी लोकांचे नमस्कार घेण्यात गुंतला होता.

दिवाळी अजून लांब होती तोच राजाचा शिपाई माळावर आला. पारव्या आजारी होता. कुणाच्याच हातचं खात नव्हता. धनगर शेला घेऊन निघाला. बायको म्हणाली, "शेला कशाला? कुत्र्याला बगायला चाललाय न्हवं?" पण तो घेऊनच गेला.

दरबार भरला होता. मधोमध गालिच्यावर पारव्या पडला होता. त्याच्या अंगावरची चकाकी गेली होती आणि केस पुंजक्यांनी गळत होते. धनगराचा वास येताच त्याने उठायचा प्रयत्न केला, पण मागचे पाय साथ देईनात.

राजवैद्य धनगराजवळ आले. ते हळू आवाजात म्हणाले, "याच्या पोटात काहीतरी गेलंय असं मला वाटतं. तू दिलंस की दुसऱ्या कुणी, ते मी विचारत नाही. फक्त काय दिलं ते सांग. ते कळलं तर उतारा देता येतो. अजून वेळ गेलेली नाही."

राजाही म्हणाला, "बोल, घाबरू नकोस. काय खात होता हा?"

धनगराने वर पाहिलं. समोर पाटील बसला होता. गावातली माणसं दाराशी दाटीने उभी होती. सगळे त्याच्याच तोंडाकडे बघत होते. त्याचा हात खांद्यावरच्या शेल्याकडे गेला. एक शब्द बोलायचा होता. शेला गेला असता, मान गेला असता, कुत्रा राहिला असता.

"दूध-भाकरी, महाराज," तो म्हणाला. "दुसरं काय बी न्हाई."

"मग तीच आणा," राजा म्हणाला. "याच्याच हाताने भरवू दे. मायेने कदाचित खाईल."

चांदीच्या वाडग्यात दूध आलं. त्यात भाकरी कुस्करली. धनगर गुडघ्यांवर बसला आणि त्याने घास पुढे केला. पारव्याने घासाला तोंड लावलं नाही. तो धनगराची बोटं चाटू लागला, तीच, चिमटीची. चाटून थांबायचा, धनगराच्या तोंडाकडे बघायचा आणि पुन्हा चाटायचा. तो मागत होता. ज्याने मरत होता तेच मागत होता, आणि सगळ्या दरबारात ते एकट्या धनगराला कळत होतं.

"काय ही माया!" राजा डोळे पुसत म्हणाला.

वैद्यांनी एकदा धनगराकडे पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली. दिवस मावळायच्या आत पारव्या गेला.

आपण म्हणू, आता धनगराला शिक्षा झाली असेल. तसं काही झालं नाही. उलट राजाने त्याला एक सुंदर पिलू दिलं आणि म्हणाला, "यालाही तसंच वाढव." धनगर मुजरा करून ते पिलू आणि शेला घेऊन घरी आला.

त्याने पिलू अंगणात सोडलं. ते दुडदुडत त्याच्याकडेच आलं आणि कुठलंही पिलू करतं तसं त्याची बोटं चाटू लागलं. धनगराने चटका बसावा तसा हात मागे घेतला.

बायको दारात उभी होती. तिने ते पाहिलं आणि तिला सगळं कळलं. "ते मीठ न्हवतं," ती म्हणाली. तिने पिलाला उचलून पोटाशी धरलं. "ह्येला मी भरवीन. तुमी हात लावू नगा."

तेव्हापासून त्या घरात धनगराच्या हातून कुणी खाल्लं नाही. लोक मात्र अजून यायचे आणि विचारायचे, "पारव्याला काय घालत होता?" आणि दर वेळी धनगराला तेच म्हणावं लागे.

तात्पर्य: मुकं जनावर आपल्या हातून विषही विश्वासाने खातं आणि कुणाला सांगू शकत नाही. त्याच्या वतीने खरं बोलायची वेळ येते तेव्हा जो स्वतःचा मान सांभाळत बसतो, त्याच्याजवळ शेवटी तेवढा मानच उरतो.