पहिली जांभळी मेणबत्ती

“उद्याची पहिली मेणबत्ती तुम्ही पेटवाल का, मावशी? माझ्याऐवजी?”

राहेलमावशींनी वर पाहिलं नाही. कुष्ठधामाच्या लहानशा चर्चमध्ये, वेदीच्या पायरीवर बसून त्या सुरूच्या डहाळ्या वाकवत होत्या. एक टोक गुडघ्याखाली, दुसरं दातात. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार उद्यावर आला होता. दर रविवारी एक, अशा चार मेणबत्त्यांसाठी लागणारं हिरवं कडं गेली सत्तावीस वर्षं त्याच बांधत होत्या.

सुमंत रणपिसे, तिथला तरुण पाळक, उभाच राहिला. धर्मशिक्षणाच्या कॉलेजात उपदेशाचं सुवर्णपदक त्याला मिळालं होतं, आणि ही गोष्ट समोरच्याला कळायला फार वेळ लागत नसे.

पण ऑगस्टमध्ये त्याची आणि त्याच्या बायकोची, रिबेकाची, लेक गेली. एकोणीस दिवसांची. नाव जुई.

दुसऱ्या गावचा पाळक वेळेवर पोहोचला नाही, म्हणून दफनविधी त्याने स्वतःच चालवला. एका शब्दावरही आवाज कापला नाही. लोक म्हणाले, पाळक असावा तर असा.

त्या दिवसापासून त्याला काही वाटेनासं झालं होतं.

“पहिली मेणबत्ती आशेची,” तो म्हणाला. “ती पेटवायची आणि आशेवर उपदेश करायचा. माझ्यात आशा नाही, मावशी. दुःखसुद्धा नाही... काहीच नाही. रिबेका दिवसदिवस रडते आणि मी शेजारी दगडासारखा बसून असतो.”

मावशींनी दातातलं टोक सोडलं.

“मंग?”

“मग काय? खोटं बोलू? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते माझ्याने व्हायचं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

“आड म्हंजी तुमी व्हय?”

सुवर्णपदकवाल्याला हा प्रश्न नवीनच होता.

बिशपसाहेबांना लिहिलेलं पत्र त्याच्या खिशात होतं. पाळकपण सोडतो, एवढाच मजकूर. सोमवारी ते टपालात पडायचं होतं. मधला एक रविवार मावशींनी निभावून नेला की तो मोकळा.

“तुम्ही नाही म्हणू नका,” तो म्हणाला. “तुमचं लोक ऐकतात.”

मावशी काही बोलणार तोच बाहेर चारची घंटा झाली. त्यांनी डहाळ्या बाजूला सारल्या, खिडकीच्या उजेडात सरकल्या आणि स्वतःचे हात बघायला लागल्या. आधी तळवे. मग पालथे हात. मग बोटांच्या जागी उरलेली थुटकं, एकेक करून.

त्यांचा रोग कधीचाच बरा झाला होता. हातांची जाण मात्र गेली ती गेलीच.

आपण एवढं जिवाभावाचं सांगतोय आणि ही बाई हात न्याहाळत बसली, याचा सुमंतला रागच आला.

“हे काय चाललंय?”

“हात बघते. रोज चारला बघायचे. कापलं, भाजलं, कायबी कळत न्हाई त्यांला. मंग डोळ्यानं बघावं लागतं.”

“बोटं... रोगानं गेली ना?”

“रोगानं न्हाई.”

मावशींनी डावा हात उजव्याने उलटा केला.

“येकविसाव्या वर्सी घरच्यांनी हितं आणून सोडलं. पोर ठिवून घेतलं त्यांनी. दीड वर्साचं व्हतं. हात बधिर झालं व्हतं, मी म्हनलं मेलंच हे. बघायचं सोडून दिलं. चुलीत भाजलं, बघितलं न्हाई. झोपेत उंदरांनी कुरतडलं, बघितलं न्हाई. गेली बोटं.”

“मग?”

“मंग हितली सिस्टरबाई लई बोलली मला. म्हनली, बधिर हायेत, मेल्यालं न्हाईत. तवापासून बघते. हे उरल्यात ते त्या बाईमुळं.”

सुमंत पायरीवर बसला. बसताना खिशातलं पत्र चुरगळल्याचा आवाज आला.

“आणि मूल?”

“वाट बघते.”

“अजून? मावशी, पन्नास वर्षं झाली असतील...”

“बावन्न.”

त्या पुन्हा हात बघू लागल्या.

हात बघून झाले. मावशींनी पिशवीतून चार मेणबत्त्या काढल्या. बाजारात रंगीत मिळाल्या नव्हत्या, म्हणून पांढऱ्याच आणून बुडाशी कागद गुंडाळला होता. तिघींना जांभळा, एकीला गुलाबी. त्यांनी एक जांभळी उचलून दोन्ही तळव्यांत उभी धरली.

नव्या मेणबत्तीची वात मेणात दबलेली असते. भर उपासनेत ती रुसून बसते आणि सगळी मंडळी नुसती बघत राहते. म्हणून शनिवारीच एकदा पेटवून बघायची, ही मावशींची पद्धत.

“काडी वढा. मला चिमटीत धरता येत न्हाई.”

“मावशी, मी आत्ताच सांगितलं ना तुम्हाला...”

“आशेचं ऱ्हाऊ द्या. वात बघायचीय.”

सुमंतने काडी ओढली. ती वाऱ्याने विझली. दुसरीही विझली. तिसरी त्याने ओंजळीच्या आडोशाने वातीला लावली. वात तडतडली आणि पेटली.

मावशींनी डोळे मिटून घेतले.

“मावशी, डोळे उघडा. मेण सांडेल.”

त्या हलल्या नाहीत.

मेणाचा पहिला थेंब काठावर आला आणि ओघळला, थेट त्यांच्या अंगठ्याच्या थुटकाकडे. त्यांचा हात जागचा हलला नाही. हलणार तरी कसा? सुमंतने झटकन आपला हात मध्ये घातला.

चटका बसला. चांगलाच बसला. दुसरा थेंब आला, तोही त्याच जागी. त्याने हात काढला नाही.

याच हाताने त्याने जुईवर पहिली मूठ माती टाकली होती. माती ओली होती की कोरडी, ते त्याला आजवर आठवलं नव्हतं. आत्ता आठवलं. ओली होती. हाताला चिकटली होती, आणि दुसऱ्या दिवशीही नखात तशीच होती.

त्याला रडू फुटलं. ऑगस्टपासून कोंडलेलं सगळं एकदम वर आलं. लहान पोरासारखा तो मोठ्याने रडत राहिला, एक हात मेणबत्तीखाली तसाच धरून.

मावशींनी डोळे उघडले नाहीत. समजावलंही नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली.

“पाळकसाहेब.”

त्याने मान वर केली.

“माझ्या हाताला कळत न्हाई. डोळं मिटल्यात. मला कायबी ठावं न्हाई. पेटलीय का?”

सुमंतने बाहीला नाक पुसलं. खिडकीतून वारा आला. ज्योत आडवी झाली, आता जाते असं वाटलं, आणि पुन्हा उभी राहिली. तो बघत होता.

“पेटलीय.”

“मंग उद्या मंडळीला येवढंच सांगा.”