ओडीचा अर्थ

डॉक्टर रणदिव्यांच्या हाताला गुण होता, पण तोंड फार तिखट. त्यांनी अण्णा भोइट्यांना ब्लड प्रेशरची गोळी दिली आणि चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे इंग्रजीत नुसतं ‘ओडी’ लिहिलं. अण्णांनी ती सकाळ-संध्याकाळ घेतली आणि चक्कर येऊन ओसरीवर कोसळले. त्यांना सावरून त्यांची बायको इंदुताई तडक दवाखान्यात गेल्या.

“डॉक्टर, गोळी कधी घ्यायची ते मराठीत लिहून द्या.”

डॉक्टर भरल्या दवाखान्यात कडाडले, “ओडी म्हणजे दिवसातून एकदा! शेंबडं पोरही सांगेल. कळत नसेल तर शिकून या!”

बाकावरचे पेशंट फिदीफिदी हसले. इंदुताईंचे कान तापले, पण आवाज चढला नाही.

“ओडीचा हा एकच अर्थ?”

“एकच! सगळ्या जगात!”

इंदुताईंनी पिशवीतून दुसरी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. “ही डोळ्यांच्या डॉक्टरांची. त्यांनीही औषधापुढे ओडी लिहिलंय. ते म्हणतात, ओडी म्हणजे उजवा डोळा. मग अण्णांनी तुमची गोळी उजव्या डोळ्यात घालायची का? शिकायला मी एका पायावर तयार आहे, पण तुम्हा दोघांपैकी कुणाच्या शाळेत नाव घालू, तेवढं सांगा.”

दवाखाना खो खो हसला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, मग ठळक अक्षरांत मराठीत लिहिलं, ‘रोज सकाळी एकच गोळी.’

तेवढ्यात बाकावरचा एक म्हातारा चिठ्ठी घेऊन पुढे सरकला. “डॉक्टर, माझ्याही चिठ्ठीचं मराठी करा की!”