दहावा ठोका

वसईच्या किनाऱ्यावर माडवेळ नावाचं ख्रिस्ती कोळ्यांचं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये फादर इनास बावीस वर्षं होते. गाव त्यांना हयातीतच संत मानी. फादरांना मात्र ते ऐकून हसू येई.

चर्चची घंटा नातालबाय वाजवी. देवदूताच्या प्रार्थनेचे ठोके ठरलेले: तीन, तीन, तीन आणि शेवटी नऊ. नातालबाय त्यावर आणखी एक ठोका देई, समुद्रात बुडालेल्या नवऱ्यासाठी. हे एकट्या फादरांना ठाऊक होतं. त्यांनी तिला कधी अडवलं नाही.

चर्च समितीचा प्रमुख बस्त्याव तांडेल मात्र तिला चारचौघांत हिणवी. "बाय, नऊपर्यंत तरी मोजायला शीक! रोज सगळ्या गावाला तुझी चूक ऐकवतेस."

पुढे किनाऱ्यावर बंगले उठले. पहाटेच्या घंटेने झोपमोड होते, अशी तक्रार आली. बस्त्यावने घंटेच्या आतला, ठोके देणारा लोळा उतरवला आणि गोणपाटात बांधून साक्रिस्तीत, वेदीमागच्या खोलीत ठेवला. "हातात घड्याळ, बोटीवर वायरलेस. आता घंटा हवी कुणाला?"

फादर एवढंच म्हणाले, "दोर राहू द्या."

जानेवारीतल्या एका पहाटे समुद्रावर दाट धुकं उतरलं. बस्त्याव बोट घेऊन बाहेर होता आणि त्याच्याबरोबर नातालबायचा एकुलता एक मुलगा सान्तान. बंदराच्या तोंडाशी खडक. "काही दिसत नाही," एवढं बोलून वायरलेस बंद पडला.

नातालबाय धावत फादरांकडे आली.

"सहा वाजले, बाय. घंटा वाजवा."

"मुकी आहे ती, फादर!"

"ठाऊक आहे. तुमचं काम तुम्ही करा." फादरांनी वेदीपुढे गुडघे टेकले.

तिने दोर ओढला. वर घंटा नुसतीच डोलत होती. तीन, तीन, तीन. मग नऊ. हात भरून आले, तरी तिने आणखी एकदा ओढला. "अहो, पोराला वाट दाखवा."

तासाभराने ओलाचिंब बस्त्याव पायऱ्या चढून आला. मागे सान्तान आणि बाकीचे खलाशी.

"लोळा कुणी चढवला?" त्याने विचारलं. "खडक हाताशी आले होते, फादर. तेवढ्यात घंटा ऐकू आली. त्या रोखाने बोट वळवली. मी ठोके मोजत होतो. नऊ झाले, आणि वर एक आला. म्हटलं, ही आपलीच घंटा!"

फादरांनी साक्रिस्तीचं दार उघडलं. गोणपाटावर धूळ तशीच होती. बस्त्यावने स्वतः मारलेली कोळ्याची गाठही तशीच. काय ही देवाची करणी!

बस्त्याव फादरांच्या पायांशी वाकला. फादर मागे सरले. "दोर यांनी ओढला."

"वरचा ठोका माझ्या धन्याचा, तांडेल," नातालबाय हळूच म्हणाली.

बस्त्यावने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ तो उठेना.

"उठा तांडेल, शिडी आणा," फादर म्हणाले. "बाराच्या प्रार्थनेआधी लोळा चढला पाहिजे."